पंख्याची बाजू

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवरच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, गेले चार महिने एक लढाऊ विमान जेवणाच्या टेबलावर उभं होतं आणि घरातली माणसं जमिनीवर बसून जेवत होती. विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटरच्या वर. फ्रिज उघडायचा तर आधी विमान तिरकं करावं लागे. मायाने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. पाहुणे आले की मात्र ती हसतमुखाने म्हणायची, "बसा ना, डाव्या पंखाखाली जागा आहे."

विमान तिच्या नवऱ्याने, प्रेमने बनवलं होतं. प्रेम एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एकतीस वर्षं पॅटर्न मेकर होता. जे लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात करून द्यायचं, हे त्याचं काम. मग फाउंड्री गुजरातला गेली आणि प्रेम डोंबिवलीतच राहिला. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी सुचवतात, सोसायटीचं सेक्रेटरीपद आणि प्राणायाम. प्रेमने दोन्ही टाळून विमान करायला घेतलं.

त्यातही एक गंमत झाली. ओतलेलं लोखंड थंड होताना शंभरात एक भाग आकसतं, म्हणून पॅटर्न मेकरची पट्टी मुळातच शंभरात एक भाग लांब असते. एकतीस वर्षांच्या सवयीने प्रेमने विमानालाही तीच पट्टी लावली. विमान सगळ्या बाजूंनी एक टक्का मोठं झालं. लोखंडात ओतलं असतं तर थंड होऊन अगदी बरोबर मापाला आलं असतं. लाकडाने आकसायला नकार दिला.

"ही चूक मी कुठल्या वहीत लिहू?" मायाने तेव्हा विचारलं होतं.

वही होती, आणि ती आबांसाठी होती. आबा म्हणजे प्रेमचे वडील, वय त्र्याण्णव. नौपाड्याच्या डॉक्टर शुभदांनी सांगितलं होतं, चार-पाच महिने आजोबा काय काय विसरतात, कुठे चुकतात, ते लिहून आणा. मग ठरवू, त्यांना एकट्याने बाहेर जाऊ द्यायचं की सोबतीला माणूस ठेवायचं. तोपर्यंत आबांची लॅचची चावी काढून घेऊन कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला लावली होती. तीस वर्षं ते रोज सकाळी ती चावी खिशात टाकून वाचनालयात जात. आता रोज सकाळी बूट घालून त्या खिळ्याकडे बघत उभे राहत, आणि मग बूट काढून ठेवत.

माया प्रामाणिक बाई. तिने सगळं लिहिलं. एक, चहात मीठ टाकलं. दोन, मंगळवारला शुक्रवार म्हणाले. पाच, एकच पेपर तीनदा वाचला, तिन्ही वेळा नवीन असल्यासारखा. असं करत नोंदी अठरापर्यंत आल्या होत्या. प्रेम वही उघडत नसे. ती चावी परत आबांच्या खिशात गेलेली बघायची, एवढंच त्याला हवं होतं. आणि ते व्हायचं नाही, हे त्याला आतून कळत होतं. विमान त्याच सुमारास सुरू झालं होतं, हा काही योगायोग नव्हता.

कारण विमान आबांचं होतं. एकोणपन्नास साली, अठराव्या वर्षी, आबा रत्नागिरीकडच्या गावातून उठून हवाई दलात भरती झाले आणि इंजिनवाल्या फिटरच्या हाताखाली काम करू लागले. तीन वर्षं टेम्पेस्ट नावाच्या लढाऊ विमानांवर. पुढे अंबरनाथच्या कारखान्यात बत्तीस वर्षं काढली, पण त्याबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. बोलायचे ते या तीन वर्षांबद्दल. गावात ज्याच्या सावलीची अडचण व्हायची, त्या पोराने हात लावल्याशिवाय तिथे विमान उडत नसे, हे सांगताना ते दरवेळी पाणी प्यायला थांबत.

आता विमानाला फक्त इंजिन आणि नाकावरचा पंखा निवडायचे राहिले होते. त्यासाठी एका शनिवारी सकाळी प्रेम आबांना रिक्षात घालून ठाण्याला घेऊन गेला. नौपाड्यात, एका दातांच्या दवाखान्यावरच्या पोटमाळ्यावर, राकेशचं दुकान होतं. राकेश पस्तिशीचा. इंजिनिअरिंगची डिग्री आणि वडिलांचा विरोध अशी दोन्ही कामं पूर्ण करून त्याने खेळण्यातल्या विमानांचं दुकान काढलं होतं. 'खेळण्यातल्या' म्हटलं की त्याला राग येई.

"जयभीम आजोबा, बसा," तो म्हणाला, आणि त्याने वर्तमानपत्र पसरून त्यावर तीन वस्तू मांडल्या. पुढचा अर्धा तास मुली बघण्याच्या कार्यक्रमासारखा गेला.

"हे टू-स्ट्रोक. अंगाने बारीक, कामाला वाघ. आवाज जरा किरटा आहे, बाकी दोष नाही."

"आणि हे?"

"हे फोर-स्ट्रोक, पेट्रोलवरचं. काका, आवाज ऐका याचा." राकेशने मोबाईल पुढे धरला. त्यातून एक खोल, जाड, ढगांच्या मागून आल्यासारखी गुरगुर आली. प्रेमच्या हातावर काटा उभा राहिला. "लढाऊ विमानाला हेच शोभतं. वजन थोडं जास्त, स्वभाव थोडा तापट, पण घराणं चांगलं."

"आणि तिसरं?"

"ही इलेक्ट्रिक मोटार. मुकी आहे. पण निर्व्यसनी. पेट्रोल नको, तेल नको, सकाळी उठवायची कटकट नको."

पंख्याचं राकेशने वेगळं समजावलं. त्यावर दोन आकडे असतात. पहिला आकडा पंखा केवढा, दुसरा आकडा तो एका फेऱ्यात किती पुढे जाईल, स्क्रू लाकडात जातो तसा. मोठा पंखा सावकाश फिरतो आणि भारदस्त दिसतो. खऱ्या टेम्पेस्टला चार पाती होती, पण मॉडेल उडतं छान ते दोन पात्यांवर. "म्हणून आमच्यात दोन ठेवतात. हत्तीचे दात. चार पात्यांचा दाखवायला, दोन पात्यांचा उडवायला."

आबा आतापर्यंत गप्प होते. कानातलं मशीन त्यांनी रिक्षातच काढून खिशात ठेवलं होतं. त्या गुरगुरीतलं त्यांना काहीही ऐकू गेलं नव्हतं. ते मोबाईलमधल्या चित्राकडे बघत होते.

"फिरतो कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं.

राकेशने हवेत बोट फिरवून दाखवलं.

"हे कॉकपिटमध्ये बसून सांगतोयस की पुढे उभं राहून?"

राकेशचं बोट हवेतच थांबलं. मग आबांच्या कानाशी वाकून मोठ्याने, "पुढे उभं राहून, आजोबा."

"मग उलटं आहे. टेम्पेस्टचा पंखा कॉकपिटमधून बघितला तर डावीकडे फिरायचा. हा उजवीकडे फिरतोय."

"आजोबा, सगळी इंजिनं याच बाजूला फिरतात."

"सगळ्यांचं मला माहीत नाही. मी एकाच विमानाचं सांगतोय."

तेव्हा प्रेमने एक गोष्ट केली. आबांच्या पाठीमागे उभं राहून त्याने राकेशला डोळ्यांनी खूण केली आणि बोट हळूच कपाळाजवळ नेऊन फिरवलं. जाऊ दे, वय झालंय. राकेशने समजूतदारपणे मान डोलावली. समोर काचेचं कपाट होतं. आबांना ऐकू कमी येतं. काचेत मात्र त्यांना सगळं स्वच्छ दिसलं.  त्यांनी खिशातून कानाचं मशीन काढलं, पुसलं, आणि पुन्हा खिशात ठेवलं.

खरं तर प्रेमकडे मोबाईल होता. डोंबिवलीत उद्या पाणी येणार का, हेसुद्धा तो मोबाईललाच विचारायचा. पण बाप चुकतोय याची एकदा खात्री झाली की माणूस मोबाईल कशाला काढेल? त्याने फोर-स्ट्रोक इंजिन पक्कं केलं. मंगळवारी येऊन घेऊन जातो म्हणाला.

परतीच्या रिक्षात खोपटचा एसटी डेपो मागे पडल्यावर आबा म्हणाले, "कांताला सांगून आलायस ना? नाहीतर जेवायची थांबेल ती."

कांता म्हणजे प्रेमची आई. तिला जाऊन अकरा वर्षं झाली होती.

"सांगितलंय," प्रेम म्हणाला.

"मग ठीक."

संध्याकाळी मायाने वही काढली. "आज काही?"

"लिही, एकोणीस. विमानाचा पंखा उलटा फिरतो म्हणाले." कांताचं त्याने सांगितलं नाही. वही पूर्ण खरी असावी अशी डॉक्टरांची अपेक्षा असली, तरी डॉक्टर काही त्या रिक्षात नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा बूट घालून उभे राहिले, पण खिळ्यापाशी नाही. ते हॉलमधल्या फोटोपुढे उभे होते. हा फोटो प्रेमच्या जन्माआधीपासून घरात होता. हाफ पॅन्टमधले पाच तरुण, मागे टेम्पेस्टचं नाक, आणि सगळ्यात डावीकडचे काटकुळे आबा, पंख्याच्या पात्यावर हात ठेवून. पात्यावर हात असा ठेवला होता, जसा गावाकडे लोक आपल्या बैलाच्या पाठीवर ठेवतात.

"इथे उभं राहायचं," आबा फोटोला सांगत होते. "आणि इकडून येणार तो. इकडून." त्यांचा हात हवेत वरून खाली आला, पुन्हा वर गेला. "नवा पोरगा आला की आधी हे शिकवायचं. कुठून येणार. नाहीतर हात जायचा."

प्रेम चहाचा कप घेऊन मागे उभा होता. त्याने हा फोटो पन्नास वर्षं बघितला होता, पण तो नेहमी आबांकडे बघत आला होता. आज त्याने आबांच्या हाताखालचं पातं बघितलं. आणि एकतीस वर्षं फाउंड्रीसाठी पंपांची पातीदार चाकं लाकडात कोरलेल्या माणसाला जे एका नजरेत दिसायला हवं, ते त्याला दिसलं. पंपाची चाकं डाव्या फिरकीची आणि उजव्या फिरकीची अशी दोन जातींची असतात. पात्याचा पीळ बघितला की जात कळते. या पात्याची हवा कापणारी कड नको त्या बाजूला होती.

फोटो उलटा छापला असेल, असं त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण मधल्या पोराने मांडीवर पाटी धरली होती. पाटीवर खडूने तारीख होती, जानेवारी १९५१. सुलट.

त्याने कप ठेवला आणि राकेशला फोन लावला.

"राकेश, जरा बघून सांग. टेम्पेस्टचं इंजिन कुठल्या फिरकीचं?"

"काका, आपलं कालच बोलणं..."

"बघ तर."

दोन मिनिटांनी राकेशचाच फोन आला. 

"काका, डावंच आहे. व्हिडिओ बघितला, पुस्तकात पण बघितलं. आजोबा बरोबर होते." मग आवाज खाली आणून, "मी त्यांना 'सगळी इंजिनं' म्हणून गेलो ना."

"तू निदान तोंडाने बोललास," प्रेम म्हणाला.

"पण मग अडचण आहे. पेट्रोल इंजिन उलटं फिरत नाही. उलटी फिरेल ती फक्त मोटार. तिच्या तीन वायरींपैकी दोन एकमेकींच्या जागी जोडल्या की झालं. पण आवाज गेला, काका."

म्हणजे आवाज हवा तर बाजू चुकणार, आणि बाजू हवी तर विमान मुकं. प्रेमने त्या गुरगुरीची स्वप्नं बघितली होती. आबांच्या खुर्चीपुढून ते विमान गुरगुरत जाईल आणि आबांचा चेहरा उजळेल, असं त्याने रात्रभर मनात रंगवलं होतं. तो आबांपाशी बसला, त्यांच्या कानात मशीन बसवलं आणि सगळं सांगितलं. दोन पर्याय. काय करू?

आबांनी विचार केला नाही. "बाजू धर."

"पण आवाज नाही यायचा, आबा. पंख्याचा येईल तेवढाच."

"आवाज आहे माझ्याकडे," आबा म्हणाले. "तो कुठे जातोय."

त्या घरात माफी मागायची पद्धत नव्हती. विचारायची होती. म्हणून प्रेमने विचारलं, "पंखा लाकडातच करू म्हणतो. बीचचं लाकूड आहे थोडं, पॅटर्न शॉपमधलं. चालेल?"

"गाठ आहे का त्यात?"

"नाही."

"मग चालेल." आणि थोड्या वेळाने, "त्या पोरासमोर बोट फिरवलंस ना कपाळावर, ते कुठल्या बाजूला फिरवलंस, आठवतं?"

प्रेमला आठवत नव्हतं.

"मग तुझंही लिहायला सांग मायाला."

डाव्या फिरकीचा तयार पंखा त्या मापाला राकेशकडे नव्हता, मागवला तर महिना लागणार होता. प्रेमने तो आठ दिवसांत कोरला. दोन पात्यांचा, वीस इंची. मायाने आधीच ती लांब पट्टी लपवून ठेवली आणि स्वतःची शिवणकामाची टेप त्याच्या हातात दिली. पंख्याचा तोल बघायचं काम आबांनी घेतलं. भोकात सळई घालून ती दोन स्टीलच्या ग्लासांवर आडवी ठेवायची. जड पातं हळूच खाली येतं, मग ते किंचित घासायचं. आबा नाक टेकवून बघत बसत. प्रेमला वाटे, झालं. आबा म्हणत, "अजून." त्या आठ दिवसांत मायाने आणखी सहा नोंदी लिहिल्या. एका दुपारी आबांनी तिलाच विचारलं होतं, तू कुणाकडे आलीस. त्या दुपारी पंखा मात्र दोन्ही बाजूंनी समान, मान ताठ ठेवून आडवा राहिला होता.

राकेशने तो पंखा विमान दोरीने बांधून पूर्ण वेगाने फिरवून बघितला, मग पुढच्या रविवारी सकाळी कल्याणच्या बाहेर, मलंगगडाच्या वाटेवरच्या माळावर सगळे जमले. राकेशची मंडळी तिथे विमानं उडवत. आबांसाठी प्लास्टिकची खुर्ची आणली होती. ते तिच्यात बसले नाहीत.

"बाजूला हो," त्यांनी राकेशचा दंड धरून त्याला दोन पावलं मागे ओढलं. "पंख्याच्या रेषेत उभं राहायचं नाही. मागे राहा, नाहीतर पुढे राहा. आडवं नाही."

"हो, आजोबा."

"आणि पळायला लागलं की उजवीकडे ओढेल."

राकेशने तोंड उघडलं. त्याची सगळी विमानं डावीकडे ओढत आणि त्याचा अंगठा वर्षानुवर्षं त्याच हिशेबाने उलटा रेटत आला होता. त्याने तोंड मिटलं. "म्हणजे मी डावीकडे धरून ठेवू."

"थोडंच. घाबरून नको."

मोटार सुरू झाली. पंखा फिरला, कॉकपिटमधून बघितला तर डावीकडे. विमान माळावरून पळालं, शेपूट उचललं, उजवीकडे झुकायला बघितलं, राकेशच्या अंगठ्याने त्याला समजावलं, आणि ते उठलं. एक टक्का मोठं असलेलं ते विमान आकाशात गेल्यावर अगदी बरोबर मापाचं दिसत होतं. आवाज फारसा नव्हताच, नुसती हवा चिरल्यासारखी सळसळ. मायाने आबांकडे बघितलं आणि प्रेमला कोपराने ढोसलं. आबांनी कानातलं मशीन काढून मुठीत धरलं होतं, डोळे वर होते, आणि मिटल्या ओठांच्या आतून एक खोल, जाड गुरगुर येत होती. विमान वळलं की ती गुरगुर वळत होती. लांब गेलं की बारीक होत होती.

विमान नीट उतरलं. राकेशने ते उचलून आणलं, आबांपुढे ठेवलं आणि बाकी काही न सुचून त्यांच्या पाया पडला. आबांनी थांबलेल्या पात्यावर हात ठेवला.

"छान आहे," ते म्हणाले. "कुणाचं आहे?"

प्रेमने मायाकडे बघितलं नाही. "तुमचंच आहे, आबा."

"असं होय," आबा म्हणाले, आणि हात तिथेच ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिघं डॉक्टर शुभदांकडे गेले. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. एका ठिकाणी थांबल्या.

"एकोणीस नंबर खोडलाय?"

"ती चूक त्यांची नव्हती," माया म्हणाली. "बाजूला लिहिलंय बघा."

समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ही चूक मुलाची.' त्याखाली प्रेमच्या अक्षरात आणखी एक ओळ होती. 'त्याच दिवशी रिक्षात आईबद्दल विचारलं. मी सांगितलं नव्हतं.'

डॉक्टरांनी पुढचं वाचलं, औषध थोडं वाढवलं आणि चावीबद्दल जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं. एकट्याने नको. प्रेमने मान हलवली. वाचनालय सकाळी आठला उघडतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि त्यालाही सकाळी दुसरं काही काम नव्हतं.

"आजोबा, आज वार कुठला?" डॉक्टरांनी जाता जाता विचारलं.

आबांनी प्रेमकडे बोट केलं. "ते याला विचारा. ते काम याच्याकडे दिलंय."

डॉक्टर हसल्या. प्रेम उठता उठता वर बघत थांबला. डोक्यावर दवाखान्याचा जुना पंखा सावकाश फिरत होता. प्रेमने वाकून, कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आबा, हा कुठल्या बाजूला फिरतोय?"

आबांनी मान वर केली. चांगला वेळ लावला.

"खालून बघून सांगू," त्यांनी विचारलं, "की वरून?"